मोटारीसाठी रडलो!

रत्नागिरी, रविवार, मे १९८६

आज भाचीने घोळ केला. मुंबईला इंग्रजी घेऊन बी.ए. करते, सुट्टीला आलीय. माझा दोस्त लतीफ, त्याने कुवेतहून आणलेली जुनी रॉकची कॅसेट लावली, तर म्हणते, "मामा, हा गाणारा बाईसाठी नाही, बंद पडलेल्या मोटारीसाठी रडतोय."

मोटारीसाठी! लतीफचं ठरलेलं लग्न मोडलं, तेव्हा मांडवीच्या किनाऱ्यावर आम्ही इंग्रजी न कळताच हेच गाणं ऐकत होतो. "बघ, ह्यालापण तिनं वाटेत सोडलंन," म्हणत तो ढसाढसा रडला. मीही रडलो. मोटारीसाठी? मग ते रडणं फुकट गेलं का?

राहवेना. संध्याकाळी त्याच्या दुकानात जाऊन सांगितलं. तो एवढा हसला, की आतून त्याची बायको धावत आली.

"काय झालं?"

"काही नाही गं," लतीफ डोळे पुसत म्हणाला, "जुनी गाडी आठवली."