मेतोदीकाकांची सव्वाबाराची दुरुस्ती

तीर्थस्वरूप स्टोयांका मावशीस,

लुबेनचा नमस्कार. गुडघा कसा आहे? यंदाच्या मिरच्या भाजून बरण्या भरून झाल्या असतील, असं धरून चालतो. (आमची मागची बरणी ऑगस्टातच संपली, हे आपलं सहज सांगितलं.) मी बरा आहे. कामावर, म्हणजे इस्पितळात, सध्या माझ्याशी कुणी बोलत नाही, त्यामुळे पत्र लिहायला सवड आहे.

त्याचं असं झालं. इस्पितळातले फोन आणि संगणक एकमेकांना जोडणाऱ्या आमच्या नेटवर्कच्या पेट्या चाळीसेक. त्यांच्या सेटिंगवर नजर ठेवायला मी एक मुक्त सॉफ्टवेअर बसवलं (फुकट, म्हणून संचालकबाईंनी उभ्या उभ्या सही केली). ते दर तासाला प्रत्येक पेटीच्या सेटिंगची प्रत घेतं, आणि एक अक्षर जरी बदललं तरी कुणी आणि कधी बदललं ते मला कळवतं. शिवाय सगळ्या पेट्या एकसारख्या असाव्यात म्हणून रोज दुपारी बाराला सगळीकडे एकच साचा आपोआप लागेल, अशी सोयही मी केली. आठवडाभरात दिसलं, की बालविभागातल्या पेटीत रोज सव्वाबाराला एक ओळ बदलते, आणि बदलणारे आपले मेतोदीकाका. वीस वर्षं हे नेटवर्क ज्यांनी तोंडपाठ सांभाळलं, तेच. मी त्यांना बाजूला घेऊन विचारायला हवं होतं. मी कागद छापले आणि भर बैठकीत, संचालकबाईंसमोर, वाचून दाखवले.

काकांनी आधी चष्मा पुसला. "लुबेन, तुझ्या साच्याने बालविभागातले फोन बंद पडतात रे," ते म्हणाले. "रोज जेवण सोडून मी ते सुरू करून येतो. तुला सांगणार होतो, पण तू इतका खुशीत होतास."

मला मान वर करवेना. दुसऱ्या दिवशी काका रजा टाकून गावी, म्हणजे तुझ्या शेजारी, निघून आले. माझा फोन उचलत नाहीत. साचा मी काढून टाकलाय.

तुझा,
लुबेन

ता. क. कुंपणावरून हाक मारून माझ्या वतीने त्यांची माफी मागशील? तुझा शब्द ते मोडत नाहीत.

आणखी एक ता. क. त्यांची ओळ मी पुन्हा टाकली, तरी फोन मुकेच. इस्क्रा सिस्टर म्हणतात, "काका त्या पेटीच्या कपाटात डोकं घालून बराच वेळ काहीतरी करायचे." काय करायचे ते सेटिंगमध्ये नाही, म्हणून सॉफ्टवेअरलाही ठाऊक नाही. तेवढं विचारून घे. आधी माफी, मग कपाट. पण सिस्टर दिवसातून चारदा माझ्या दाराशी येऊन उभ्या राहतात, तेव्हा आधी कपाट विचारलंस तरी चालेल.