कॅशेतली जुनी प्रत

सोमवार, ९ जून
हॉस्पिटलच्या सॉफ्टवेअरला वेग आला एकदाचा. मूळ नोंदी तीन शहरांतल्या सर्व्हरवर विभागलेल्या; दर वेळी तिथून मागवायच्या म्हणजे वॉर्डातली स्क्रीन नुसती फिरत बसायची. आता सतत वाचल्या जाणाऱ्या नोंदींची प्रत हॉस्पिटलातच, कॅशेत, म्हणजे हाताशी ठेवलेल्या तात्पुरत्या साठ्यात. पेशंटच्या ॲलर्जीची यादी सगळ्यांत जास्त उघडतात, म्हणून तिची प्रत तासभर धरून ठेवली; तासाने मूळ नोंदीवरून नवी. ॲलर्जी काय तासातासाला बदलते? स्वतःवर बेहद्द खूश.

बुधवार, ११
वॉर्डात गेले होते. शिंदे सिस्टर इंजेक्शनआधी 'रिफ्रेश' दाबतातच, तीन-तीनदा. प्रत्येक वेळी मागणी थेट मूळ डेटाबेसवर. माझ्या मेहनतीवर पाणी. विजय नगरला ऑफिसात परतले आणि बटणच काढून टाकलं. लगेच सिस्टरांचा फोन : "मीनल, ते दाबल्याशिवाय मला भरोसाच नाही येत गं." म्हटलं, आता आपोआप होतं. (तासाने होतं, हे नाही सांगितलं.)

शुक्रवार, १३
माझ्या नावाने पोहे-जलेबी. बॉस तिवारीजी सगळ्यांसमोर, "मीनलजी ने तो कमाल कर दिया." उगाच लाजले.

मंगळवार, १७
गौतमपुऱ्याचे रिटायर्ड मास्तर. दाखल झाले तेव्हा ॲलर्जीची यादी रिकामी. मुलगी मागून आली, काउंटरवर पेनिसिलिन चालत नाही म्हणून सांगितलं. नोंदही झाली. तरी थोड्या वेळाने वॉर्डात तेच इंजेक्शन. आता व्हेंटिलेटरवर. सगळे म्हणतात, शिंदे सिस्टरनी वाचलंच नाही.
मला जेवण गेलं नाही. वाटतंय की... नको.

बुधवार, १८
लॉग पाहिला. काउंटरची नोंद ११.१०. सिस्टरांनी यादी उघडली ११.३१. वाचली होती त्यांनी. समोर आली १०.४० ची प्रत, रिकामी. 
तिवारीजींना दाखवलं. दार लावून घेतलं त्यांनी. "अपन से किसी ने पूछा है क्या? लॉग सात दिन में खुद उड़ जाता है. तुमको कुछ नहीं करना."
दुपारी प्रतीची मुदत तासावरून अर्ध्या मिनिटावर आणली, बटण परत लावलं. कुणाला न सांगता. म्हणजे मीही त्यांच्यातलीच झाले.

शनिवार, २१
सिस्टर निलंबित. चौकशी मंगळवारी दुपारी. लॉग उडणार मंगळवारी सकाळी. तिवारीजी हल्ली फार गोड बोलतात. भीती वाटते त्यांची.

सोमवार, २३
मास्तर तसेच. लॉगची प्रत घरच्या लॅपटॉपवर घेतली आहे, चौकशी समितीला मेल लिहून तयार आहे. सकाळपासून चारदा उघडला, बंद केला.
संध्याकाळी सिस्टरांचा फोन. "चूक माझीच असेल गं. तुमची मशीन थोडीच झूठ बोलेल? चष्म्याचा नंबर वाढला असेल माझा. उद्या तेच सांगते, माफी मागून टाकते."
मी विचारलं, चहा झाला का तुमचा.