नव्वाफचा श्वास

३ नोव्हेंबर, सोमवार
आज पुन्हा थांबला. दुपारी जेवून नव्वाफ गादीवर आडवा झाला, लगेच घोरायला लागला – नेहमीचंच. मग एकदम शांत. मी मसूर निवडत होते, हात तिथेच राहिला. छाती वर-खाली होत होती, पण नाकातोंडातून हवाच नाही. हलवणार तेवढ्यात बुडता माणूस वर येतो तसा मोठा श्वास घेतला, आणि पुन्हा घोरणं सुरू.
उठल्यावर त्याला काहीच आठवेना. डोकं जड आहे म्हणाला. रोजच असतं.

५ नोव्हेंबर
दीर अवाद जेवायला आला होता. मन्सफच्या, मटण-भाताच्या परातीत हात घालूनच नव्वाफला डुलकी लागली. अवाद हसला. "वहिनी, माझा भाऊ सिंहासारखा झोपतो. तू उगाच घाबरतेस."
सिंह घास हातात धरून झोपत नाही.

९ नोव्हेंबर
नव्वाफच्या ट्रकचा उजवा आरसा गेला. कठड्याला घासला, डोळ्यांवर ऊन आलं, म्हणे. मागे फॉस्फेटचा एवढा बोजा, पुढे रास-अन्-नकबचा उतार. तो अकाबा बंदरातून फोन करेपर्यंत मला अन्न गोड लागत नाही.

११ नोव्हेंबर
त्याला न सांगता करकला छातीच्या डॉक्टरांकडे गेले. लमीस नाव, वयाने माझ्या बहिणीएवढी. मी बोलत होते तोवर मध्ये एकदाही अडवलं नाही. मग म्हणाली, झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, हवेची वाट मिटते. रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू दचकून जागं करतो. रात्रभर हेच. माणसाला वाटतं झोप झाली, पण ती झालेलीच नसते. सगळा ताण हृदयावर.
उपाय आहेत. आधी तपासणी. सौम्य असेल तर जबडा पुढे धरणारी दातांची पट्टी. वजन, सिगरेट, कुशीवर झोपणं – याचाही फरक पडतो. शस्त्रक्रिया मोजक्यांनाच. जास्त असेल तर मुखवट्यातून हवा सोडणारं यंत्र.
"आणि तोवर गाडी चालवायची नाही," म्हणाली.

१३ नोव्हेंबर
सांगितलं. चहाचा ग्लास तसाच खाली ठेवला त्याने. "घोरतो म्हणून घरी बसू? आपल्या पोराच्या, राकानच्या कॉलेजचा खर्च कोण करणार – ती डॉक्टरीण?"

१८ नोव्हेंबर

अकाबाला आत्याला भेटायचंय म्हणून हट्टाने ट्रकमध्ये बसले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच. मआन मागे पडेपर्यंत बरा होता. मी बोलत राहिले, तो हूं-हूं करत होता. मग हूं थांबलं. बघते तर डोळे अर्धे उघडे, नजर कुठेच नाही. ट्रक कडेला सरकत होता. कडेला एक गाडी उभी – माणूस चाक बदलतोय, बाई बाळाला घेऊन शेजारी.
मी ओरडले. त्याने ब्रेक दाबला. खडी उडाली, ती बाई बाळासकट मागे पडली. ट्रक त्यांच्या अगदी पुढ्यात थांबला.
बाळ रडत होतं, म्हणजे ठीक होतं. नव्वाफ खाली उतरला, त्या माणसासमोर उभा राहिला. परत येऊन त्याने चावी माझ्या हातात दिली. दुसरा ड्रायव्हर येईपर्यंत आम्ही रस्त्याच्या कडेला बसून होतो.
"मी झोपलो होतो," एवढंच म्हणाला.

२० नोव्हेंबर
कंपनीत स्वतः जाऊन सांगून आला. काढलं नाही – सध्या ट्रकच्या वजनकाट्यावर बसवलंय. पगार कमी. अवाद चिडला, घरातली गोष्ट चव्हाट्यावर मांडली म्हणाला.

३० नोव्हेंबर
बोटाला चिमटा, छातीला पट्टा, नाकाशी नळी लावून घरीच तपासणी झाली. आज निकाल. तीव्र. लमीसने आलेख दाखवला – नुसत्या खाचा, श्वास थांबला की एक. नव्वाफने त्या खाचांवरून बोट फिरवलं. मग विचारलं, "इतक्यांदा मी मेलो?"

४ डिसेंबर
काल यंत्र आलं. आज पहाटे मुखवटा दाराशी पडलेला. नाक सुकतं, फटीतून हवा डोळ्यांत जाते, गुदमरायला होतं. "परत करून टाक," म्हणाला. मी नाही केलं.

७ डिसेंबर
लमीसने मुखवटा बदलून दिला, फक्त नाकावर बसणारा. हवेला ओलावा देणारी पाण्याची डबीही जोडली. तो दिवसा चहा पिऊन झाल्यावर लावून बसतो, सवयीसाठी. राकान हसतो. हसू दे.

१२ डिसेंबर
सकाळी उठून म्हणाला, स्वप्न पडलं. कसलं, ते आठवत नव्हतं. पण पडलं! डोकं दुखत नव्हतं.

२६ डिसेंबर, शुक्रवार
आज चहा त्यानेच केला. माझ्यासमोर ठेवला आणि बसला.
"आता मी जरा काही वाजलं तरी जागा होतो," म्हणाला. "रोज रात्री तुझा श्वास थांबतो. मी लमीसला फोन केलाय."
मी हसले. तो हसला नाही.