परतीची रेघ

नवीन जालना
सोमवार, ९ फेब्रुवारी २०२६

कल्याण,

नमस्कार. घरी सगळे बरे असतील. आईने टेंभुर्णीहून तुझ्यासाठी धपाट्यांचा डबा पाठवला होता. त्याचं पुढे लिहिते. आधी आपल्या प्रयोगशाळेत घडलेलं, क्रमाने:

१. कापसाच्या पेशी संप्रेरकाच्या किती मात्रेला गोळा होऊन बसतात आणि किती मात्रेला त्यांतून अंकुर फुटतात, याचं गणिती प्रारूप मी केलं.
२. त्याच्या आलेखात दोन रेघा होत्या, एक चढतीची, एक परतीची. मात्रा वाढवत नेली की लिटरमागे २ मिलिग्रॅमला गोळा होतो. पण परतताना २ च्या खाली आल्याने तो मोडून अंकुर फुटत नाही, थेट ०.५ पर्यंत उतरावं लागतं.
३. बैठकीत साहेबांना आलेख दाखवताना तू परतीची रेघ पुसलीस.
४. उरलेल्या एका रेघेवरून, २ च्या खाली आलं की पुरे म्हणून, तू १.८ सांगितलंस. गोळे झालेल्या ३१२ बाटल्या त्यावर ठेवल्या. सहा आठवड्यांत एकही अंकुर नाही. गोळे काळे पडले.
५. बाटल्या भरणाऱ्या नसरीनने चुकीचं मोजलं, असं तू साहेबांना सांगितलंस. शुक्रवारी तिला कामावरून काढणार आहेत.

"दोन रेघा बघून साहेब गोंधळून राह्यले, एक बास," असं तू हसत म्हणाला होतास. साहेब गोंधळले नव्हते. तुला दुसरी रेघ समजावता आली नसती, एवढंच. ज्या रेघेसाठी सगळं गणित मांडलं, तीच तुला पसारा वाटली.

नसरीन दहावीपर्यंत शिकली आहे. वजनकाट्यातून निघालेली प्रत्येक चिठ्ठी ती वहीत खळीने चिकटवते. त्या वहीला आपण दोघं हसायचो. शनिवारी तिने ती माझ्यासमोर उघडली.

"मॅडम, बराबर तोलून घातलं मी. एक चिठ्ठी कमी न्हाई. सरांना दाखवाया गेल्ते, तर म्हनले, तू जाऊन बाटल्या धू."

चिठ्ठ्या मी तपासल्या. बिलकुल बरोबर आहेत. तुझ्या डॉक्टरेटपेक्षा तिची खळ पक्की निघाली.

वर न लिहिलेला सहावा मुद्दा: त्या बैठकीत मी तुझ्या शेजारी बसले होते. पूर्ण आलेख माझ्या लॅपटॉपमध्ये होता. आदल्या रविवारी तुझी माणसं टेंभुर्णीला येऊन गेली होती, सुपारी फुटली होती. होणाऱ्या नवऱ्याला चारचौघांत खोटं पाडू नये, असं मला वाटलं. समीकरण मांडणाऱ्या मला. तुला नावं ठेवताना हे मी विसरलेले नाही.

काल तुझा निरोप आला: "झालं ते झालं. नवी बॅच लावू. नसरीन काय, दुसरी मिळंल." आज दुपारी डबा मी नसरीनला दिला. मग आईला फोन करून लग्नाचं नाही म्हणून सांगितलं.  आई म्हणाली, "सुपारीच फुटली ना गं, नशीब तं न्हाई फुटलं."

साहेबांना द्यायचं पत्र तयार आहे. त्यात दोन्ही रेघा, वहीच्या प्रती आणि माझं गप्प बसणं आहे. शुक्रवारी सकाळी दहाला मी ते देईन. खाली दोन सह्यांची जागा आहे. एक झाली आहे.

दुसरी करणार की नाही, ते गुरुवार, १२ तारखेला संध्याकाळी पाचच्या आत लेखी कळव. फोन करू नकोस.

तुझी नव्हे, नुसती
राजनंदिनी