दादाचं वर्ष किती भरतं

४ जून

ती. दादा,
शि. सा. नमस्कार.

वॉर्डातली नर्सची नोकरी सोडून आरोग्य खात्यात आले, त्याला चार महिने झाले. या वयात पुन्हा शिकणं म्हणजे डोक्याला ताप! औषधावर सरकारचा खर्च किती आणि त्यातून माणसांना बरी वर्षं किती मिळतात, याची सांगड घालायची. ठणठणीत माणसाचं वर्ष म्हणजे एक. दुखणेकऱ्याचं अर्धं, पाऊण, जसं दुखणं तसं. एका चांगल्या वर्षामागे खर्च फार झाला, तर औषध यादीत नाही. मला हे पटतं. पैशाअभावी वॉर्डातला सलाईनचा साठा संपल्यावर काय होतं, ते मी पाहिलंय.

पण काल साहेबांनी पहिली खरी फाईल दिली, ती तुझ्याच सांध्यांच्या इंजेक्शनची. तुला ते प्रायोगिक योजनेतून मिळतंय. पुढे मिळणार का, ते या हिशेबावर ठरेल. हा माझ्या भावाचाच आजार आहे, हे तिथेच सांगायला हवं होतं; मी ‘बरं’ म्हणून फाईल घेऊन टेबलाशी आले. एक आकडा इकडचा तिकडे केला तर कुणाला कळणारही नाही. फाईल उघडते नि मिटते.

रुग्णांची प्रश्नावली सोबत आहे. तुझी उत्तरं मोजणार नाही, फक्त मला बघायचीत.

माया आहे तशीच राहू दे.
तुझी खारू

११ जून

चि. खारू,
उदंड आशीर्वाद.

कागद भरलाय. शाळेनंतर पहिलीच परीक्षा, कॉपी केलेली नाही. इंजेक्शन नव्हतं तेव्हा कपडे स्वतः घालत होतो, काम जरा मंद, दुखणं मध्यम. म्हणजे माझं वर्ष पाऊण तरी भरेल. उरलेलं पाव तुझ्या वहिनीच्या बोलण्यात जातं, ते कुठल्या रकान्यात घालतेस?

एका वकिलाची सत्तर जुनी पुस्तकं बांधायला आलीत. आकड्याला हात लावू नकोस, माझ्यासाठी तर मुळीच नाही.

तब्येतीला जप, लिहीत राहा.
तुझा दादा

१२ जून

प्रिय खारू,

ह्यांनी पाकीट चिकटवण्याआधी मी कागद वाचला. धादांत खोटं आहे. शर्टाची बटणं मी लावत होते. सुईत दोरा जाईना, तेव्हा हे बांधणीच्या दुकानाला आतून कडी घालून बसले होते दिवसभर. तुला सांगायचं नाही म्हणून मला शपथ घातली होती.

तुझ्या फाईलमधली बाकीची माणसंही अशीच आधीचं दुखणं लपवणारी असली, तर औषधाचा गुण दिसणार कसा गं? आणि तू तरी ह्यांच्यासारखी गप्प बसू नकोस.

तुझीच,
वहिनी

२ ऑगस्ट

ती. वहिनी,
सा. नमस्कार.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी साहेबांना सांगितलं. इतके दिवस लपवलं म्हणून खूप बोलले. फाईल शेजारच्या टेबलावरच्या बाईंकडे गेली. सोडताना मी लेखी सुचवलं, की रुग्णांसोबत घरच्यांनाही विचारा. ते मान्य झालं, आणि औषधाच्या बाजूने आकडे बरेच सुधारले.

तरी पुरले नाहीत. कंपनी किंमत उतरवेपर्यंत औषध यादीत नाही, असं काल समितीनं ठरवलं. दादाचं शेवटचं इंजेक्शन सप्टेंबरात.

मी परवानगी काढून अख्खा अहवाल वाचला. तीनदा, पेन्सिल हातात घेऊन. एक तरी चूक सापडावी म्हणून अक्षरशः तडफडले. सापडली नाही. तो पैसा अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या श्वासाच्या यंत्रांना जाणार आहे, आणि त्यालाही मला नको म्हणता येत नाही.

शनिवारी येतेय. दादाला मीच सांगेन, तोवर काही बोलू नकोस. तो हसून विषय बदलेल आणि मीही बदलू देईन; तेव्हा खरं सांगून होईपर्यंत मला तिथून उठू देऊ नकोस.

रागावलीस तरी दार उघड.
तुझी खारू