इथं सगळं आहे, डिग्रीच नाही

३ जून
मालक, कृष्णमूर्ती सार, आज आमच्या कुंभकोणमच्या शोरूममध्ये आले. बरोबर चेन्नईचे पाहुणे. पितळी समया पाहिल्या, कॉफीचा एक घोट घेतला, टंबलर खाली ठेवला आणि सगळ्यांदेखत माझ्याकडे बघून म्हणाले, "इथं सगळं आहे मॅडम, डिग्रीच नाही." पाहुणे हसले.
इतकी वर्षं मी मॅनेजर! माझी बी.ए. काय रेशनवर मिळाली? तंजावरला नवी शाखा उघडतेय, तिला प्रमुख हवाय. रोख स्पष्ट आहे.

५ जून
लीडरशिपच्या पोस्टग्रॅज्युएट कोर्सला नाव घातलं. ऑनलाइन. हरिणी फोनवर म्हणाली, "अम्मा, सारना आधी नीट विचार तरी." लेकीला काय कळणार! लीडर विचारत नसतो. तिसरीत कॉन्व्हेंटच्या सिस्टर बेनेडिक्टांनी माझ्या पिनाफोरला लीडरचा लाल बिल्ला लावला, तेव्हा मी काही विचारलं होतं? त्यांच्या हातांना साबणाचा मंद वास यायचा. तसा साबण आता मिळत नाही. तशी माणसंही नाहीत. आता काउंटरवर गोमती आहे. बी.कॉम., तेही कॉरस्पॉन्डन्सनं.

२२ जून
पहिला धडा: मॅनेजर हुकूम देतो, लीडर व्हिजन देतो. दुकान उघडण्याआधी सगळ्यांना रांगेत उभं करून व्हिजन दिलं. इंग्रजीत. चेहरे समईच्या बुडासारखे. शेवटी कॉफी करणाऱ्या स्वामीनाथनं हात वर केला. म्हटलं, चला, एकाला तरी समजलं.
म्हणाला, "अक्का, दूध उतू जातंय."

१४ जुलै
दुसरा धडा: ऐकणे. नाचियार्कोविल गावच्या व्यंकटरमण कारागिरांनी समयांची ऑर्डर रखडवलीय, म्हणून गेले. पूर्वीसारखी ओरडले नाही. ऐकलं. त्यांचा गुडघा, त्यांची सून, सुनेचं माहेर. परतीच्या बसमध्ये लक्षात आलं की समयांचं विचारायचंच राहिलं.
लीडर तपशिलात अडकत नाही.

१६ जुलै
गोमती गेली आणि समया घेऊन आली. ओरडली असणार. काही रीत नाही त्या बाईला.

१९ ऑगस्ट
गोमती कॉफीच्या दुधावरून दूधवाल्याशी भांडत होती. "पाणी विकतोस की दूध?" वगैरे. गिऱ्हाईक ऐकतंय, याचं भान नाही. हिला म्हणे तंजावरला जायचंय! मला तर तिची कीव आली. मी चहा पिते, कॉन्व्हेंटची सवय. कॉफीतलं मला कळत नाही, आणि कळून घ्यायची इच्छाही नाही.

११ ऑक्टोबर
आज स्ट्रॅटेजीचा पेपर. नवरात्राची गर्दी होती म्हणे दुकानात. आतल्या खोलीचं दार लावून लिहिला. दोनदा कुणीतरी वाजवलं. सामान्य माणसांना एकाग्रतेची किंमत नसते.

९ डिसेंबर
सर्टिफिकेट आलं! सोनेरी कडा. सागवानी फ्रेम सांगितली. तंजावरच्या टेबलामागे शोभेल. सिस्टर बेनेडिक्टा असत्या तर डोळे भरून पाहिलं असतं त्यांनी. गोमतीला माझ्या हाताखाली ठेवून घेईन. मन मोठं हवं.

१३ डिसेंबर
फ्रेम सारांच्या टेबलावर ठेवली. म्हटलं, "घ्या सार. आता डिग्री आहे."
सारांनी चष्मा लावला, वाचलं, चष्मा काढला. म्हणाले, "अय्यो मॅडम! मी कॉफीचं बोललो होतो."
कॉफीचं. बिनपाण्याच्या घट्ट दुधाची, कुंभकोणमची डिग्री कॉफी.
पुढे म्हणाले, गोमतीला तेव्हाच कळलं, तिनं भांडून शेवटी दूधवाला बदलला. तंजावरला तिलाच पाठवतोय. "तुम्ही इथंच हव्यात. फक्त पूर्वीसारखं ओरडा हो. कारागीर कुणाचं ऐकेनासे झालेत."

१४ डिसेंबर
तंजावरला निघण्याआधी गोमती कॉफीचा टंबलर घेऊन आली. "अक्का, एकदा पिऊन तर बघा." प्यायले. चांगली होती. तिला सांगितलं नाही.
फ्रेम घरी नेली असती, पण नाताळला हरिणी यायचीय. स्वामीनाथला म्हटलं, ठेव कुठंतरी. त्यानं ती कॉफीच्या फिल्टरवरच्या खिळ्याला लावली, दोन पावलं मागं सरून बघितलं आणि म्हणाला, "बरं झालं अक्का. येणारा प्रत्येक जण विचारायचा, डिग्री आहे का. आता बोर्डच लागला."