अस्वल बोलत न्हाई

पणजी,
दि. १८ फेब्रुवारी २०२६

ती. विजयमाला काकूंना बिरदेवचा पाया पडून नमस्कार.

मी इकडं खुशाल आहे, तुमचीही खुशाली कळावी. फोन असताना पत्र कशाला, असं म्हणाल. पण फोनवर तुमचा आवाज आला की मी 'जेवलो, जेवलो' एवढंच बोलतो. सातवी नापासाचं अक्षर हाय, चष्मा लावून सावकाश वाचा.

आईला सांगा, पोरगं टिकलं एकदाचं. पुणं सोडलं, शिरवळची कंपनी सोडली, पण इथं वर्ष काढलं. भात-मासे खाऊन पोट सुटलंय. काम कार्निव्हलचे चित्ररथ बांधायचं. शनिवारी मिरवणूक झाली. आपल्या शिमग्याच्या सोंगांसारखंच, पण लय मोठं. भर दुपारी बँड, म्हाताऱ्यासुद्धा नाचतात आणि कोण कुणाला नावं ठेवत नाही. तुम्हाला एकदा दाखवणार आहे.

आमच्या रथापुढं खेकडा चालला होता. आत मिलिंद, माझ्या खोलीतला. अंगावर फोमचं जाड कवच, डोळ्यापुढं दोन भोकं. मी शेजारी, वाट दाखवायला. अर्ध्या वाटेत खेकडा खाली बसला आणि आतून कवच बडवायला लागला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझं डोकंच फिरलं. "मिल्या! मिलिंद! बोल रं!" म्हणून ओरडलो आणि खिशातल्या कटरनं कवच टरकावलं. मालक धावत आले, "पिशा, कितें केलें हें?" आत मिलिंद घामानं थबथबलेला. म्हणतो, "गड्या, नाक खाजत हुतं. हात पोचंना."

मी रस्त्यातच बसलो आणि हसायला लागलो, ते थांबेचना. मिलिंद म्हणाला, ह्याला ऊन लागलं.

काकू, ऊन. तुमच्या जयराजलाही ऊनच लागलं, असं सगळे म्हणाले होते.

रंगपंचमीला जयराजला जाऊन दोन वर्षं होतील. तो घायपाताच्या वाखाच्या केसांचं अस्वल, मी दरवेशी, दोरी माझ्या हातात. सोंग चढलं की देवळापुढं मुखवटा उतरेस्तोवर त्यानं बोलायचं नाही, कुणी त्याचं नाव घ्यायचं नाही, हा आपल्या गावचा नेम. पारापाशी तो खाली बसला. हातानं जमीन बडवली. पारावरनं कोण तरी ओरडलं, "लय झ्याक करतंय अस्वल!" शिट्ट्या पडल्या.

नंतर तुम्ही मला दोनदा विचारलंत, "माझा लेक शेवटी काय बोलला का रं?" मी दोन्ही बारीला म्हणालो, "न्हाई काकू, सोंगात हुता."

बोलला होता. माझा पाय धरून म्हणाला, "बिरद्या, काढ हे." मी वाकून त्याच्या कानाशी म्हणालो, "गप. अस्वल बोलत न्हाई." आणि दोरी ओढली. तो उठला, काकू. माझ्या शब्दावर उठला आणि देवळापर्यंत चालला. मुखवटा उतरला, तवा आत जयराज उरला नव्हता.

मी गाव कामासाठी सोडलं नाही.

ऋषिराज सांगत होता, भावाचं सोंग यंदा तो घेणार, आणि तुम्ही स्वतः वाख पिंजायला बसलाय. त्याला अडवा असं मी म्हणत नाही. पण नेम मोडा. दर चौकात त्याला नावानं हाक मारा, त्यानं ओ दिली तरच दोरी पुढं सरकू द्या. देवाला काय म्हणायचं ते तो मला म्हणंल.

मालकांनी मला काढलं नाही. शिव्या दिल्या आणि दुसऱ्या दिवशी हेच काम दिलं. पुढचे तीन दिवस गावोगावच्या मिरवणुकांत मी खेकडा, हत्ती, मासा, सगळ्यांना नावानं हाका मारत चाललो. लोकांना वाटलं, ह्यो पण खेळातलाच. आतून "ओ" आली की लय बरं वाटायचं. दोन वर्षांत पहिल्यांदा नीट झोपतोय.

रंगपंचमीला येतो. दोरी मला द्यायची का नाही ते तुमच्यावर. नाही दिलीत तर गर्दीत मागं उभा राहीन, पण ऋषीला हाक मारीन. दार लावून घेतलंत तरी राग नाही.

जयराजनं शेवटचं ज्याचं नाव घेतलं, तो
बिरदेव